माऊ खेळत नाही

मोजपट्टी आणि मी एकाच बालवर्गाच्या शिक्षिका, आणि आमच्यातून विस्तव जात नव्हता. मोजपट्टी हे नाव मीच ठेवलेलं. तिनं माझं काय ठेवलं होतं तेही मला ठाऊक होतं, पण ते मी सांगणार नाही. भांडण सुरू झालं वाळूच्या लाकडी, सरकवता येणाऱ्या हौदावरून. हौद खिडकीपाशी हवा, उजेडात मुलं जास्त रमतात, हे माझं म्हणणं. वाळू खोलीभर होते, तेव्हा तो दाराशीच हवा, हे तिचं. मी चार दिवस रजेवर गेले आणि परत येऊन बघते तर हौद दाराशी. तेव्हापासून आम्ही एकमेकींशी बोलणं टाकलं.

पण एका खोलीत एवढी पोरं सांभाळायची तर बोलल्यावाचून भागतं थोडंच? मग आम्ही मुलांकरवी बोलायचो. "जा रे राजा, त्या ताईंना सांग, टबातलं पाणी बदला म्हणावं." पोरगं धावत जायचं आणि उलटा निरोप घेऊन यायचं: "त्या म्हणतात, त्यांना डोळे आहेत." सगळा लेकी बोले सुने लागे असा कारभार. निरोप न्यायला मुलं धडपडायची, म्हणजे त्यांना मजा येते, असं आम्ही धरून चाललो होतो.

आमच्या शाळेत मुलांना शिकवत नाहीत, खेळू देतात. आम्ही बघायचं आणि लिहायचं. मोठ्या बाईंचा, म्हणजे मुख्याध्यापिकांचा, एकच दंडक होता: दिसलं ते लिहा, वाटलं ते नको. 'आनंदाने खेळला' असं लिहिलं की कागद परत. आनंद कुठे दिसला? हसला का? मग हसला असं लिहा. आणि मुलाच्या तोंडचे शब्द तर काना-मात्रा न बदलता.

त्या दंडकापुढे माऊची अगदी पंचाईत झाली होती. माऊ हे तिचं घरचं नाव. चार वर्षांची पोर, आल्यापासून भिंतीला टेकून उभी. सुरुवातीला मी तिलाही एकदोनदा निरोप देऊन पाठवलं होतं. ती गेली, आणि परत यायच्याऐवजी मधेच भिंतीशी थांबली. लाजते बिचारी, म्हणून मी तो नाद सोडला. तिच्या सगळ्या कागदांवर एकच मजकूर असायचा: भिंतीशी उभी, हातात काही नाही, बोलली नाही.

"ती खेळतच नाही," मोजपट्टी बैठकीत म्हणाली. "तिला लहान गटात बसवा, दुपट्यातल्या मुलांबरोबर."

"खेळते," मी मोठ्या बाईंकडे बघत म्हटलं. "बघणाऱ्याला दिसत नाही, त्याला ती काय करणार?"

खरं सांगायचं तर माझ्याकडेही पुरावा नव्हता. पण मोजपट्टी नाही म्हणाली की माझ्या तोंडून हो निघायचंच. शिवाय त्या पोरीवर माझा जीव होता, आणि उभ्या उभ्या तिचे ओठ हलतात हे मी पाहिलं होतं.

तिची आई औषधांच्या दुकानात काम करायची. बाई फटकळ. ती म्हणाली, "घरी हिच्या तोंडाचा पट्टा थांबत नाही. इथेच काय दातखीळ बसते?"

"सगळ्याच आया असं म्हणतात," मोजपट्टी म्हणाली. आईचा चेहरा लाल झाला.

शेवटी मोठ्या बाईंनी तोड काढली. शुक्रवारी त्या आणि आई वर्गात येऊन बसतील. निरीक्षण मी लिहायचं. माऊ खेळली आणि एक तरी पूर्ण वाक्य बोलली, तर ती याच वर्गात राहील. नाहीतर सोमवारपासून लहान गट.

शुक्रवारी दोघी पलीकडे खिडकीपाशी बसल्या. माऊ भिंतीशी. मी पॅड घेऊन तिच्यासमोर. ती हलेना. आईनं दोनदा घड्याळ पाहिलं. माझं डोकं तापत चाललं होतं, त्यात कुणीतरी हौदाजवळ पाण्याची बादली लवंडली.

"लांब्या," वर्गातल्या सगळ्यात उंच मुलाला मी म्हटलं, "जा, त्या ताईंना सांग, फरशी पुसा. मी लिहितेय म्हणावं."

लांब्या जाऊन आला. "त्या म्हणतात, लिहिण्यासारखं काही झालं की लिहाल ना."

मी दातओठ खात होते, तेवढ्यात माऊ भिंत सोडून निघाली. थेट वाळूच्या हौदाशी. मी हळूच तिच्या मागे जाऊन गुडघ्यांवर बसले. पलीकडे मोजपट्टी फरशी पुसत होती.

माऊनं दोन लाकडी चमचे वाळूत रोवले. एकमेकांना पाठ करून. मग कोपऱ्यातलं रबराचं बदक उचलून पहिल्या चमच्यापुढे उभं केलं आणि बोलायला लागली.

"जा गं, त्या बयेला सांग, माझा हौद ओढताना हात नाही का मोडले म्हणावं."

आवाज माझा होता. तो शेवटचा 'म्हणावं' लांबवायची तऱ्हाही माझीच. बदक तुरुतुरु दुसऱ्या चमच्याकडे गेलं. तिथून मोजपट्टीचा कोरडा सूर आला: "तिला म्हणावं, आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून."

बदक परत आलं. "काय म्हणाली? आणि तू ऐकून घेतलंस? तोंड नव्हतं तुला?" पहिला चमचा बदकावर खेकसला. बदक पुन्हा तिकडे. दुसराही खेकसला. "बदकाने नाही केलं," माऊ आता स्वतःच्या बारीक आवाजात म्हणाली. मग तिनं बदकाला वाळूत ढकललं आणि चोचीपर्यंत पुरून टाकलं. "बदक बोलणार नाही आता. बोललं की दोघी ओरडतात."

माझं पेन थांबलं. मोजपट्टी फडकं हातात धरून वाकली आणि माझ्याशी बोलली. थेट माझ्याशी, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

"अहो, हे सगळं लिहू नका. ते एक वाक्य लिहा, बदकाने नाही केलं, तेवढं. पुरे आहे. पोरगी राहील, तुमचंच खरं होईल."

तिचं चूक नव्हतं. इतक्या गोंगाटात खिडकीपर्यंत काहीच ऐकू गेलं नव्हतं. एक वाक्य लिहिलं असतं तर माऊ राहिली असती. याच खोलीत, आम्हा दोघींच्या मधे. पहिली ओळ मी लिहिली ती मोजपट्टीच्या नाकाला मिरच्या झोंबाव्यात म्हणूनच. पुढच्या ओळी मात्र तशा लिहिता येईनात. तरी लिहिलं, काना-मात्रा न बदलता, शेवटच्या वाक्यापर्यंत. मला स्वतःची भयंकर लाज वाटत होती आणि मोजपट्टीचा राग जराही कमी झाला नव्हता.

मोठ्या बाईंनी कागद वाचला आणि आईकडे दिला. आईनं सावकाश वाचला.

"ही पहिली कोण?"

"मी," मी म्हटलं.

"आणि दुसरी?"

मोजपट्टी फडकं पिळत राहिली. तेच उत्तर झालं.

"बघा ना, किती लांब वाक्यं आहेत," मी घाईघाईनं म्हणाले. "दोघींचे आवाज वेगळे काढले तिनं. इतकं तर मोठ्या मुलांनाही जमत नाही." मला खरोखरच तिचा अभिमान वाटत होता.

"माझ्या पोरीला काय जमतं ते मला नका सांगू." आई उठली. "माऊ, चल. बूट घाल."

"अहो, पण आता ती इथे राहू शकते," मोठ्या बाई म्हणाल्या.

"राहू शकते हो. ठेवणार कोण?"

माऊ दाराशी बसून बूट चढवत होती. मी तिच्यापुढे बसले, उलटा घातलेला बूट सरळ करून दिला. "माऊ, सोमवारी येशील ना गं? मी वाट बघेन."

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मान वर करून आईचा पदर ओढला.

"आई, त्या ताईंना सांग, मी नाही येणार म्हणावं."

तिचा दुसरा बूट अजून माझ्या हातात होता.