हात न लावलेली

विंझरच्या बाजूला हल्ली भातापेक्षा फार्महाऊसं जास्त पिकतात. डोंगराच्या पोटाशी कुंपण घालायचं, दारावर बोगनवेल चढवायची आणि वर्षातून चार वेळा येऊन 'इथली हवा काय छान आहे हो' म्हणायचं, की झालं. गुप्ते साहेब मात्र त्यातले नव्हते. ते बारा महिने तिथंच राहत आणि त्यांना हवेपेक्षा मोटारींचं वेड होतं. मोटारीही साध्यासुध्या नव्हेत. जुन्या, विलायती, बुटक्या, दोनच माणसं बसतील अशा, शर्यतीत पळायला बनवलेल्या. त्यातली एखादी रस्त्याला लागली की वेल्ह्यापर्यंतची पोरंसोरं बघायला उभी राहत.

या गाड्यांची देखभाल प्रशिक करायचा. उत्रोलीचा पोरगा, कापूरहोळच्या गॅरेजात हात काळे करून शिकलेला. साहेबांकडे लागला तेव्हा त्याचं लग्नही झालं नव्हतं. साहेब त्याला म्हणत, "मी आवरतं घेईन ना, तेव्हा यातली एक तुझी." मोठ्या माणसाचं बोलणं म्हणून घरातले सगळे हसण्यावारी न्यायचे. पुढे काविळीचं निमित्त झालं आणि प्रशिकच गेला. मागे राहिले म्हातारे आईवडील, बायको मोहिनी आणि दोन वर्षांची शिवानी.

शिवानी चार वर्षांची झाली त्या सुमाराला साहेबांचा फोन आला. त्यांची मुलगी त्यांना आपल्याकडे बंगलोरला नेणार होती. घर विकलं होतं, गाड्याही जाणार होत्या. "मी प्रशिकला शब्द दिला होता," ते मोहिनीला म्हणाले. "तीन उरल्यात. या आणि एक निवडा. जी म्हणाल ती तुमची."

मोहिनीला त्या दिवसापासून घास गोड लागेना. ब्लाऊज शिवून ती घर चालवत होती, पण घर चालणं वेगळं आणि पोरीचं शिक्षण वेगळं. ही गाडी म्हणजे शिवानीला बापाकडून मिळणार ती एवढीच इस्टेट. आज विकायची नव्हती, पोरगी कॉलेजच्या दाराशी उभी राहील तेव्हा विकायची होती. तोवर किंमत टिकली पाहिजे, जमलं तर चढली पाहिजे. निवड चुकली, तर पोरीच्या हाती पत्र्याचं खोकं यायचं. आणि मोहिनीला गाडीतलं काय कळत होतं? प्रशिक जेवताना गाड्यांचं पुराण लावायचा आणि ही भाकरी थापता थापता अर्ध्या कानाने ऐकून 'हं, हं' करायची. आता तो अर्धा कानच तिचं भांडवल होता. पुरतं ऐकलं असतं तर काय बिघडलं असतं, असं राहून राहून वाटे आणि तिला रडू येई.

गाडी ठेवायला तिने गोठा रिकामा केला, वर नवे पत्रे टाकून घेतले. मग शेजारच्या रोहिदासचा टेम्पो ठरवून ती निघाली. बरोबर शिवानी होती आणि नाना, तिचे सासरे. नानांनी जन्मभर भात केला होता. मोटारीत त्यांना दोनच प्रकार ठाऊक होते, एसटी आणि बाकीच्या. पण आज ते धुतलेला पांढरा सदरा घालून सगळ्यांच्या आधी टेम्पोपाशी येऊन उभे होते. कापूरहोळ मागे पडलं, नसरापूरहून टेम्पो आत वळला.

साहेबांनी शेडचं दार उघडलं. समोरच लाल गाडी उभी होती. नुसती झळझळत होती. "ही पूर्ण प्रशिकची," साहेब म्हणाले. "पत्रा, रंग, इंजिन, सीटचं कातडंसुद्धा. अडीच वर्षं राबला हिच्यावर."

नाना सरळ तिच्याकडे गेले आणि त्यांनी दोन्ही तळहात बॉनेटवर ठेवले. रंगात त्यांचा चेहरा दिसत होता. "लई चांगलं केलंस रे लेकरा," ते पुटपुटले. मोहिनीने मान फिरवली. तिथं बघत राहिली असती तर तिच्याने निवड झाली नसती.

दुसरी पांढरी होती. आत कुठल्याशा टेम्पोचं इंजिन बसवलेलं, वरातीला बरी. तिसरी कोपऱ्यात ताडपत्रीखाली होती. साहेबांनी ताडपत्री ओढली तशी सगळ्यांना शिंक आली. गाडी हिरवी होती, म्हणजे कधीकाळी असावी. रंग विटलेला, सीट उसवलेली, बॉनेटवर बोटभर धूळ. आणि मोहिनीला प्रशिकचं बोलणं आठवलं, ताटासमोर मांडी घालून बसलेल्या प्रशिकचं.

"नवी गाडी शोरूमच्या भाईर पडली की तिची किंमत उतरती, मोहिनी. ह्या म्हाताऱ्यांची चढती. पर अट एकच. जन्माला आली तशी पायजे. रंग त्योच, इंजिन त्येच, नंबर त्येच. म्या रंग दिला की ती माजी झाली, तिची न्हाई ऱ्हायली. लोक म्हंत्यात, काय झ्याक केलंस, आन् मोल मातूर कमी करत्यात. हाय का न्हाई येडा धंदा?" तेव्हा दोघंही हसली होती.

शिवणाऱ्या बाईला हे सांगावं लागत नाही. उसवून पुन्हा शिवलेलं कापड कितीही सफाईचं असो, जाणत्याच्या बोटाला कळतंच. तिने साहेबांना विचारलं, "साहेब, हिचं इंजिन पयल्यापासूनचंच हाय का?"

साहेबांनी बॉनेट उचललं, आत विजेरीचा उजेड धरला, गाडीचं जुनं पुस्तक काढलं. पुस्तकातले आणि इंजिनावरचे नंबर जुळत होते.

"आन् लालचं?"

"लालचं बदललं. जुनं फुटलं होतं."

म्हणजे कळायचं ते कळलं होतं. पण कळणं सोपं होतं, नानांसमोर बोलणं अवघड. लालवरचे हात त्यांनी अजून उचलले नव्हते.

"नाना, आपन हिरवी घिऊया."

"कुठली?" नानांनी नुसती मान वळवली. "ती? तिला माज्या लेकाचा हातबी लागल्याला दिसत न्हाई."

"म्हनूनच, नाना."

"म्हनूनच?" नानांचा आवाज फाटला. "त्याचं काय ऱ्हायलंय गं आपल्याकडं? कापडं वाटली, हत्यारं गॅरेजवाल्याला दिली. त्याच्या हातची ही एकच वस्तू हाय. ती लोकाला द्यायची आन् ही धूळ घरी न्यायची?"

"मला काय वाटत न्हाई व्हय?" मोहिनीचे डोळे भरले होते, पण ती मागे हटली नाही. "ती नेली तर म्या रोज पदरानं पुसीन. तुमी बी पुसाल. पर नाना, आपन दोगं पुसत बसू आन् पोरीला काय? गाडी आपल्याला न्हाई मिळाली, शिवानीला मिळालीया."

नानांनी लालच्या बॉनेटवरून एकदा तळहात फिरवला. मग म्हणाले, "तू शिकल्याली हाईस. तुला कळंल तसं कर."

मराठीत याच्याइतका कडू होकार दुसरा नाही. मोहिनीला वाटलं, त्यांनी नाही म्हटलं असतं तर बरं होतं.

 साहेब काठी टेकत नानांपाशी आले. "नाना, मी मुद्दाम बोललो नाही, निवड तुमची होती म्हणून. पण आता सांगतो. ही हिरवी मला लालच्या आधी रंगवून हवी होती. दर दिवाळीला मी प्रशिकला सांगायचो. तो हो म्हणायचा आणि करायचा नाही. एकदा मी रंगाचे डबे आणून त्याच्यासमोर ठेवले. तरी नाही. माझा तोल गेला, कामचुकार म्हटलं त्याला, चार लोकांत. त्यानं मान खाली घालून ऐकून घेतलं. 'बाकीच्या सगळ्या करतो साहेब, हिला असू द्या,' एवढंच म्हणाला. मला तर चकचकीतच आवडायच्या, मी कशाला खोलात जातोय? परवा पुण्याहून एक जाणकार आला होता. लालकडे त्यानं नीट पाहिलंसुद्धा नाही. हिच्यापुढे मात्र तासभर बसून होता."

मोहिनी हिरव्या गाडीच्या विटक्या रंगाकडे बघू लागली. गंजका खिळा दिसला तरी घासायला घेणारा माणूस तो. हात कधी स्वस्थ नसायचे त्याचे. साहेबांचा शब्द घरातल्या सगळ्यांनी हसण्यावारी नेला होता, त्याने नेला नव्हता. एका गाडीपासून त्याने इतकी वर्षं आपले हात आवरून धरले, शिव्या खाल्ल्या आणि घरी येऊन त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. की काढला होता, आणि तोच तिच्या दुसऱ्या कानावरून गेला? तिला हुंदका आवरेना. साहेबांनी तोंड वळवून घेतलं.

नानांनी लालवरून हात काढले. ते हिरव्या गाडीपाशी जाऊन उभे राहिले आणि तिच्याकडे नुसते बघत राहिले.

रोहिदासने टेम्पोला फळ्या लावल्या. साहेबांचा माळी आला. "मागून ढकला," साहेब ओरडून सांगत होते, "वरची धूळ पुसू नका." गाडी कुरकुरत शेडच्या दाराशी उजेडात आली आणि फळ्यांपाशी थांबली. शिवानी इतका वेळ आईचा पदर धरून होती, ती पुढे झाली. अंगणवाडीत तिला नुकतंच 'शि' काढायला शिकवलं होतं आणि बॉनेटवरच्या धुळीसारखी पाटी कुठं मिळणार? तिने बोट पुढे केलं.

नानांनी तिचं मनगट वरच्या वर धरलं.

"नगं, बाळा," ते म्हणाले. "तुज्या बापानं हात लावला न्हाई हिला. तुज्यासाठी."