डावीकडे बघणारं प्रेत

कपाचा कान खिडकीकडे. रात्री ठेवला तेव्हाही खिडकीकडेच होता. बशीत आडवा पडलेला चमचा, त्याच्या टोकाशी वाळलेला चहाचा थेंब, शेजारी चष्म्याचं घर अर्धवट उघडं — सगळं जसंच्या तसं, काल आणि आज एकमेकांना चिकटवले तर सांधा दिसणार नाही इतकं जसंच्या तसं. तिने कप उचलला नाही. नुसती बघत उभी राहिली. जन्मभर लोकांकडे हेच तर मागितलं... वस्तू जिथल्या तिथे राहू द्या, हात लावू नका, अजून शॉट संपलेला नाही. आता कुणी हात लावत नाही. दोन वर्षं झाली, या घरात एकही चूक झालेली नाही.

नवरा होता तेव्हा घरात सगळा आनंदीआनंद होता. किल्ल्या कधी फ्रिजवर, कधी बुटात. एक चप्पल पलंगाखाली तर दुसरी गॅलरीत. वर्तमानपत्राची मधली पानं कुठे जायची ते त्यालाच ठाऊक. ती करवादायची — दुपारी चष्मा टेबलावर होता, आता खिडकीत कसा, त्याला काय पाय फुटले? — आणि तो मान वर न करता म्हणायचा, "अगं, कॅमेरा बंद आहे." हे त्याचं ठरलेलं उत्तर. भांडणातली हवाच काढून घ्यायचा मेला. मेला... हा शब्द पूर्वी दिवसातून दहादा तोंडात यायचा आणि काही वाटायचं नाही.

आज मात्र कामावर बोलावणं होतं, इतक्या वर्षांनी. तरुणपणी ती सिनेमात कंटिन्युइटी बघायची. म्हणजे एका शॉटमध्ये नायकाच्या सदऱ्याचं वरचं बटण उघडं असेल तर पुढच्या शॉटमध्येही ते उघडंच आहे ना, मेणबत्ती तेवढीच जळलेली आहे ना, रक्ताचा डाग त्याच गालावर आहे ना. सेटवर तिला सगळे चित्रगुप्त म्हणायचे, कारण कुणाचं पाप तिच्या नजरेतून सुटत नसे. त्या दिवसांतल्या एका झॉम्बीपटाची आता नवी स्वच्छ प्रिंट निघत होती, आणि निर्मात्याला हौस आली होती की काढतोच आहोत तर जुन्या चुकाही पुसून टाकू. दिग्दर्शक केव्हाच गेले. जाणकार अशी उरली ही एकटी. "यादी तयार आहे," तो फोनवर म्हणाला होता, "तुम्ही फक्त सांगायचं, कुठली चूक खरी आणि कुठली नाही." चुका म्हणजे जशी काही तिच्या माहेरची माणसं, तिनेच ओळखायची.

तर ती गेली. दुरुस्तीची खोली थंडगार, खिडक्यांना जाड पडदे, दोन मोठे मॉनिटर, आणि समोर खुर्चीत मांडी घालून बसलेली एक मुलगी, जिचा अख्खा दिवस लोकांच्या जुन्या चुका खोडण्यात जात असावा. तिने बसायला खुर्ची पुसून दिली.

"मॅडम, हा सिनेमा मी आणि दादा पांघरुणात शिरून बघायचो. बघून बघून भीती गेली, मग चुका शोधायला लागलो."

"आणि आता त्यावरच पोट भरतेस. बरं आहे की."

मुलगी हसली. हिला ती आवडली. मग दोघी कामाला लागल्या, म्हणजे खरं तर वाद घालायला लागल्या. सिनेमातल्या हॉस्पिटलात साथ पसरते, मेलेले उठतात, मोजकी जिवंत माणसं वरच्या मजल्यावर अडकतात, एवढीच गोष्ट; पण तिच्यात भोकं इतकी की गोष्टीपेक्षा भोकंच जास्त.

"गावातली वीज सुरुवातीलाच जाते," मुलगी म्हणाली. "मग लिफ्ट कशी चालते?"

"जनरेटर असेल."

"जनरेटर तर वॉर्डबॉय जाळतो."

"दुसरा असेल."

"दुसरा असता तर डॉक्टर मेणबत्तीच्या उजेडात ऑपरेशन कशाला करतील? बरं, हे राहू दे. प्रेतांना जिना चढता येत नाही, हे डॉक्टर स्वतः सांगतात. मग ती गच्चीवर कशी पोचली?"

"लिफ्टने."

यावर दोघी पोट धरून हसल्या, आणि हसता हसता तिच्या लक्षात आलं की हे उत्तर तिचं नाही, नवऱ्याचं आहे. टीव्हीवर सिनेमा लागला की तो हेच म्हणायचा. वर छाती पुढे काढून सांगायचा, "आणि लिफ्टला वीज मी दिली होती, स्वतःच्या हाताने." खरंच दिली होती. तो त्या सिनेमाचा लाइटमन होता.

गोष्टीतल्या भोकांना इलाज नव्हता, ती लेखकाच्या माथी. डोळ्यांना दिसणाऱ्या चुका तेवढ्या पुसता येणार होत्या. नर्सचे पांढरे बूट मध्येच सँडल होतात — बूट चावत होते तिला, रडायची बिचारी. पूस. डॉक्टरच्या डाव्या हाताचं बँडेज उजव्या हातावर जातं...

"त्या दिवशी मला ताप होता," ती ताठ बसून म्हणाली. "तो दिवस माझ्या नावावर लावायचा नाही."

"नाही लावत. आता हा बघा, सगळ्यात प्रसिद्ध."

मॉनिटरवर शेवटचा शॉट थांबला. हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर प्रेतांची गर्दी, सगळ्यांच्या माना वर, खिडकीतल्या डॉक्टरकडे. आणि पहिल्याच रांगेत, वॉर्डबॉयच्या कपड्यांत एकजण पडद्याच्या डाव्या कडेकडे बघत उभा. मघाशी मधल्या बोळात डॉक्टरांनी ज्याला कुऱ्हाडीने उडवला, तोच. मेलेला, मग उठलेला, मग कायमचा मेलेला, आणि तरी परत हजर. इंटरनेटवर म्हणे त्याच्यावर पानंच्या पानं लिहिलेली आहेत, तो कुणाकडे बघतोय म्हणून.

किती काळाभोर होता... तोंडाला मैद्याची खळ फासली तरी खालून तो रंग दिसायचा. मोडक्या हॉस्पिटलची ती इमारत आठवते, जेवणाच्या सुट्टीत थाळ्या घेऊन रांगेत ढकलाढकली करणारी प्रेतं, एक म्हातारं प्रेत तर प्रत्येक शॉटमध्ये खरंच झोपायचं आणि घोरायचं. पैसे कमी, गर्दीला माणसं कमी, म्हणून दिग्दर्शकाने कामगारांनाच उभं केलं. बोळातल्या मारामारीत लाइटमन. तिने त्याला समोर उभं करून बजावलं होतं — तोवर दोघं कधी बोललेही नव्हते — डावी बाही कोपरापर्यंत दुमडलेली, उजवी खाली. पडताना उलगडली तर पुढचा शॉट जुळणार नाही, आणि मग मी तुला सोडणार नाही. बाही तिनेच दुमडली होती. तो म्हणाला होता, "मेल्यावर कुठलं लक्षात राहणार, बाई?" आणि ती म्हणाली होती, "राहायला पाहिजे."

मग शेवटचा दिवस, फाटकाचा शॉट, ऊन उतरायला लागलेलं, आणि पुन्हा माणसं कमी. खळ फासून हा आला. ती कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूला स्टुलावर बसली होती, तिथूनच ओरडली, "हा चालणार नाही, हा मेलेला आहे." दिग्दर्शक म्हणाले, "बाई, सगळेच मेलेले आहेत." अख्खा सेट हसला. ती रडकुंडीला आली. आणि तो गर्दीतून दोन पावलं पुढे येऊन, त्या पांढऱ्या तोंडाने, अगदी हळू तिला म्हणाला, "मी परत आलो तर चालेल का?"

"नाही चालणार," ती म्हणाली होती.

त्याला मागच्या रांगेत उभं राहायला सांगितलं होतं. तो पुढच्या रांगेत उभा राहिला, आणि सगळे वर बघत असताना स्टुलाकडे बघत राहिला.

या शॉटवर संसारभर भांडण चाललं. तिचं म्हणणं, माझ्या कामावरचा डाग आहे तो, आणि लावणारा तू. त्याचं म्हणणं, प्रेत एकदा उठतं हे तुम्हा लोकांना चालतं, मग दोनदा उठलं तर काय बिघडलं? डोकं फुटलेलं उठत नाही, हा सिनेमाचाच नियम, ती म्हणायची. पण माझं डोकं कुठे फुटलं, कुऱ्हाड खांद्याला लागली. डोक्याला. खांद्याला. टीव्हीवर बोळ इतका काळा दिसायचा की कुणाचंच सिद्ध होत नसे, आणि मुलं कंटाळून उठून जायची. ती कधी हरली नाही. तोही नाही.

"याला काढायचं ना?" मुलगी विचारत होती. "सोपं आहे. मागची भिंत ओढून घेते, कळणारसुद्धा नाही."

आणि तिने स्वतःचाच आवाज ऐकला, "का काढायचं? कुऱ्हाड खांद्याला लागलेली आहे. डोकं फुटलेलं नाही, मग तो उठू शकतो. नियमात बसतं."

मुलीने तिच्याकडे जरा चकित होऊन बघितलं. "दादापण हेच म्हणायचा. थांबा, आता प्रिंट साफ झालीय. बघूच."

नको, असं म्हणायला तोंड उघडेपर्यंत बोळ पडद्यावर आला. काळोख धुतल्यासारखा निघून गेला होता; भिंतीवरचे ओघळ दिसत होते, त्याच्या गळ्याची शीर दिसत होती. तिशीचासुद्धा नव्हता. मुलगी एकेक फ्रेम पुढे सरकवत होती. कुऱ्हाड वर गेली, खाली यायला लागली... ती खुर्चीच्या कडेवर सरकली. खांद्याला लागू दे. आयुष्यात एकदा तो बरोबर निघू दे, मी चुकीची निघू दे, त्याच्या समोर नाही निघाले, आता तरी. पुढची फ्रेम. पुढची. कुऱ्हाड सरळ कपाळावर.

"डोकंच," मुलगी म्हणाली. "तुमचं म्हणणं जरा... सॉरी हं, मॅडम."

"माझंच म्हणणं होतं ते," ती म्हणाली. मुलीला काही कळलं नाही.

तिला त्याची इतकी आठवण आली की हात कुठे ठेवावेत ते सुचेना. सगळा वाद आपण जिंकलो, आणि सांगायला कोण आहे? तो असता तर म्हणाला असता, ही फ्रेम खोटी आहे, मॉनिटर बदला. मुलगी कीबोर्डवर वाकून काहीतरी लिहीत होती आणि चित्र आपलं आपण हळूहळू पुढे चाललं होतं. तो भिंतीला घासत खाली आला. पडताना डावी बाही सुटली, मनगटापर्यंत घसरली. प्रेत निपचित झालं. मग त्या प्रेताचा उजवा हात जमिनीवरून हळूच सरकला, दोन बोटांनी बाहीची कड पकडली, कोपरापर्यंत वर केली, आणि पुन्हा मरून पडला.

ती बघत राहिली. हे तिने कधीच बघितलं नव्हतं. कुणीच बघितलं नव्हतं, एवढा उजेडच नव्हता कधी. घरात ज्याने एक वस्तू जागेवर ठेवली नाही... ज्याला मी म्हणत आले की तुला माझ्या कामाची कवडीची किंमत नाही...

"इथे अजून काही आहे का?" मुलीने मान वर केली.

चूक होती. ढळढळीत चूक, यादीत सगळ्यांत वर जावी अशी. मेलेला माणूस बाही सारखी करतो. मी माझ्या उभ्या आयुष्यात दिसलेली चूक गिळलेली नाही, सख्ख्या बहिणीच्या लग्नाच्या फोटोतली सोडली नाही.

"नाही," ती म्हणाली. "पुढे चल."

फाटकाच्या शॉटबद्दल मात्र ती सरळ बोलली. "हा कुणाकडे बघतोय म्हणून भांडतात ना सगळे? तिथे स्टुलावर मी बसले होते."

मुलीने मॉनिटरची डावी कड बघितली आणि खुर्ची तिच्याकडे वळवली. मग म्हणाली, "दादा म्हणायचा मांजर. मी म्हणायचे, दार." आणि जरा वेळाने, "तुम्ही दोघं...?"

"नंतर."

"आणि आता ते...?"

"गेला. दोन वर्षं झाली." हे म्हणताना तिने मॉनिटरकडे बघितलं. तिथे तो होता, आणि त्याच्यासारखं तिच्याकडे दुसऱ्या कुणी कधी बघितलं नव्हतं, हेही तिथे होतं. घरात त्याचे फोटो पुष्कळ आहेत, सगळ्यांत तो कॅमेऱ्याकडे बघतो.

"मी निर्मात्यांना सांगून बघते," मुलगी म्हणाली. "पण ठरवणार ते. त्यांना चकाचक हवंय."

"हो. ठरवू दे."

घरी आली तेव्हा ऊन भिंतीवरून सरकून कपाटाच्या दारावर आलं होतं. कप तसाच. कान खिडकीकडे, बशीत चमचा. निर्माता त्याला ठेवेल की भिंत ओढून घेईल, काय सांगावं. या लोकांना भिंतीच आवडतात. पण बोळातला तो हात राहील. तो कुणाच्या यादीत नाही.

तिने कप उचलला आणि नळाखाली धरला. चहाचा डाग सुटायला वेळ लागला. मग कप पालथा घातला, न बघता, हात जाईल तिथे. आणि तरी तिला माहीत होतं की कान भिंतीकडे आहे, जरासा तिरका. गेली नाही सवय. जायची नाही. डावी बाही सुटून मनगटापर्यंत आली होती, कड भिजली होती. तिने दोन बोटांनी ती कोपरापर्यंत वर केली, आणि हात तसाच धरून उभी राहिली.

मी परत आलो तर चालेल का?

आता तिची पाळी होती, नाही चालणार म्हणायची. या वेळी तिने ते म्हटलं नाही. नळाचं पाणी चालू राहिलं.