केशरबाईंची दुपार

तुर्भ्याच्या त्या तपासणी प्रयोगशाळेला एक खोड लागली होती, आणि वाचकहो, ती फक्त तिथेच आहे असं समजून आपण हात झटकू नयेत. ओळखीचं रसायन आलं की कपाटातली जुनी फाइल काढायची, आकडा उतरवायचा आणि खाली सही ठोकायची. रसायनतज्ज्ञ प्रितम सहा वर्षं तेच करत होता. पोरगा हुशार, पण हुशारीला आळसाची संगत लागली की ती शॉर्टकटच शोधते.

जवळच्याच एका शेडमध्ये यंत्रांचे सुटे भाग एका द्रवाने धुतले जात. द्रव किती जोमाने वाफ होऊन हवेत मिसळू पाहतो, हे त्याच्या बाष्पदाबावरून कळतं. फाइलीत आकडा होता, वीस अंशांना पाऱ्याचे अकरा मिलिमीटर. त्यावरून प्रितमने गेल्या वर्षी सुरक्षा-अहवालात लिहून टाकलं होतं की विशेष काळजीचं कारण नाही.

यंदा तो अहवाल पुन्हा करायचा होता. प्रयोगशाळेच्या प्रमुख शुभदा मॅडमनी त्याला नमुना आणायला थेट शेडमध्येच धाडलं. मे महिन्यातली दुपार, आणि शटर जवळजवळ जमिनीला टेकलेलं.

"ट्रकची धूळ येते, सर," सुपरवायझर रणजीत म्हणाला. "धुतलेला माल परत खराब होतो. दुपारी शटर खालीच असतं."

आत केशरबाई उघड्या टबात भाग बुचकळत होत्या. प्रितम बाटली भरून घेत असताना त्यांनी हळूच विचारलं, "सर, सकाळी याचा वास येत न्हाई. दुपारी येतो, अन् डोकं गरगरतं. डबा तोच, मी बी तीच. असं का व्हतं?"

"मावशी, रिपोर्टमध्ये तर काही टेन्शनचं नाही."

"नसंल. पण तुमी मोजलं तवा सकाळ होती का दुपार?"

प्रितमने वर पाहिलं. भिंतीवरचा तापमापक बेचाळीस दाखवत होता. परत येताना तो प्रश्न काही त्याची पाठ सोडेना.

"मॅडम, आपल्याकडे वीस अंश म्हणजे थंडीतली पहाट," केशरबाईंचा प्रश्न सांगून तो म्हणाला. "मग आकडा वीसचाच का देतात?"

"ताडून बघायला सोपं जातं म्हणून. सगळ्या रसायनांचे आकडे एकाच तापमानाचे हवेत ना? पण केशरबाई काही तुलनेसाठी श्वास घेत नाहीत, प्रितम. त्या ज्या हवेत उभ्या आहेत, त्या हवेचा आकडा काढ."

प्रितमने बाह्या सरसावल्या. द्रव गोठवला, वरची हवा पंपाने ओढून घेतली, द्रव वितळवला आणि पुन्हा तेच केलं. कारण द्रवात मुरलेली हवा राहिली तर ती आपला दाब मिसळून आकडा फुगवते. मग पात्र गरम पाण्याच्या टाकीत बसवलं. वीस अंशांना अकरा आले, म्हणजे जुना कागद खोटा नव्हता. तीसला एकोणीस. आता त्याला चहाचीही आठवण राहिली नाही. आणि बेचाळीसला पस्तीस! तिपटीहून जास्त, तेही बंद शटरच्या आत. क्षणभर त्याला कोडं सुटल्याचा आनंद झाला, आणि लगेच स्वतःची लाज वाटली.

त्याने रणजीतला फोन लावला.

"सर, मागच्या वर्षी तर तुम्हीच ओके दिलं होतं," रणजीत गोंधळून म्हणाला.

"मागच्या वर्षी मी मोजलंच नव्हतं. जुन्या कागदावरून उतरवलं. चूक माझी, तसं लेखी देतो. तुम्ही आधी शटर वर घ्या."

नोकरी जाईल, याची त्याला खात्रीच होती. शुभदा मॅडमनी त्याचं पत्र दोनदा वाचलं आणि खाली स्वतःचीही सही केली. ती खोड त्यांच्याच डोळ्यांदेखत वाढली होती.

महिन्याभरात टबावर झाकण आलं, वाफ बाहेर ओढणारा पंखा बसला. प्रितम नवा अहवाल घेऊन केशरबाईंना भेटला आणि दोन्ही आकड्यांचा अर्थ त्यांना समजावून सांगितला. त्यांनी पस्तीसच्या आकड्यावर बोट ठेवलं.

"म्हंजे ते खरंच व्हतं," त्या म्हणाल्या. "वर्षभर समदे म्हनत व्हते, केशरबाई कामचुकार झाली. मला बी तसंच वाटाय लागलं व्हतं."

प्रितमने अहवालाची एक प्रत त्यांच्यापाशीच ठेवली.

मित्रहो, आपणही कुठे ना कुठे सही करतोच. सही करण्याआधी ज्याच्या छातीत ती हवा जाते त्याला विचारावं, आणि मग स्वतः मोजावं. न मोजता लिहिलेला आकडा कष्टाच्या माणसाला नुसता आजारी पाडत नाही, त्याला खोटंही पाडतो.