शेळगावच्या ओसरीवरची पाच मिनिटं

मी एक घडीची खुर्ची. लोखंडी सांगाडा, निळी बैठक, सरळ पाठ. नम्रता माझ्यात नाही, हे आधीच सांगून टाकते. हृदयविकाराला अडवायला आमच्या भागात डॉक्टरांच्या आधी मी पोचते.

माझं वेल्डिंग बारामतीतलं. सुरुवातीची वर्षं एका सभागृहात गेली. पाहुणे माझ्यावर बसून डुलक्या घ्यायचे. मग तिथं गावोगावच्या आशाताईंचं, म्हणजे घरोघर फिरणाऱ्या आरोग्यसेविकांचं, प्रशिक्षण सुरू झालं. रक्तदाब मोजायचा, धोका ओळखायचा, गोळी सोडलेल्याला पुन्हा गोळीवर आणायचं, वेळेत दवाखान्यात धाडायचं. 'हे डॉक्टरांचं काम' म्हणणारे अजून आहेत. त्यांना माझा एकच प्रश्न: डॉक्टर प्रत्येक ओसरीवर कधी येणार?

शिकवणाऱ्या अंजली सिस्टर मला पुढं ओढत. “पाठ टेकलेली, पाय जमिनीला, पाच मिनिटं गप्प. त्याआधी चहा नको, मशेरी नको. माणूस वाकडा बसला की आकडा वाकडा येतो.”

शेळगावच्या तेजश्रीनं विचारलं, “सिस्टर, आमच्याकडं घरोघरी नुसत्या बाजा हायत, खुर्ची न्हाय. पाठ टेकायची कशावर?”

“मग हीच घेऊन जा!”

मला स्कूटीमागे दोरीनं बांधलं. गावात शिरताच पारावरून दादासो ओरडला, “काय तेजश्री, सरपंचकीला हुबी ऱ्हातीस का? खुर्ची आत्ताच आणलीस!”

“आधी तुमीच बसा की. तंबाखू थुका अन् बसा.”

द्वारकाबाईंच्या घरी मात्र माझं काही चालेना. बरं वाटतंय म्हणून त्यांनी रक्तदाबाच्या गोळ्या सोडल्या होत्या. आता दोन दिवस डोकं ठणकत होतं. त्यांना लगेच इंदापूरच्या दवाखान्यात न्यायचं का, हे तेजश्रीला ठरवायचं होतं. पण ओसरीवर सासरे, रामहरी तात्या, बसलेले. द्वारकाबाई माझ्याशेजारी जमिनीवर बसल्या.

“मामंजींसमोर खुर्चीत बसू व्हय गं? लोक काय म्हणतील?”

तेजश्रीनं मला स्वयंपाकघरात नेलं. तिथं बाई बसल्या, आणि दूध उतू चाललं म्हणून उठल्या. पुन्हा टेकल्या, तोच बाहेरून हाक आली, “द्वारका, पाणी आण गं.” पुन्हा उठल्या. तेव्हा मला कळलं, या घरात दिवसाउजेडी ही बाई कधी पाठ टेकून बसलेलीच नाही.

तेजश्री तडक बाहेर गेली. “तात्या, तुमच्या सुनेला पाच मिनटं कुणी बसू देत न्हाय. आकडा चुकला तर औषध चुकंल. मग एक दिवस हाक मारायला माणूस ऱ्हायचं न्हाय.”

आता म्हातारा भडकणार, असं मला वाटलं. पण तात्यांनी नुसती काठी जवळ ओढली.

“आण ती खुर्ची हितं, वाऱ्याला,” ते म्हणाले. “द्वारका, बस. मी पाठ करतो.”

आणि ते काठी रोवून खरंच रस्त्याकडं तोंड करून बसले. तेवढ्यात डेअरीचा जोतीराम हॉर्न वाजवत आला.

“गप की रं!” तात्या गरजले. “आमची सून बसली हाय!”

अर्ध्या आळीनं ते ऐकलं.

द्वारकाबाईंची पाठ आधी फळीसारखी ताठ होती. हळूहळू ती सैल झाली आणि तिचा सगळा भार माझ्यावर आला. इतक्या मानाचं ओझं कुठल्याच पाहुण्यानं मला दिलं नव्हतं.

वरचा आकडा दोनशेच्या जवळ गेला. थोडं थांबून तेजश्रीनं पुन्हा मोजलं. तसाच. त्याच दुपारी ती त्यांना इंदापूरला घेऊन गेली. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या आणि आता महिन्यागणिक आकडा खाली येतोय.

माझ्या एका पायाचं रबर गेलंय. डुगडुगते मी, तेजश्री खाली पुठ्ठा सारते. मला नवा रंग नको. पण गावोगावी अशा पोरी शिकवून तयार करा, आणि लवकर करा. किती माणसं जायची वाट बघणार आहात?

गेल्या आठवड्यात आम्ही पुन्हा त्या ओसरीवर होतो. द्वारकाबाई बसल्या तसे तात्या रस्त्याकडं वळू लागले.

“ऱ्हाऊ द्या, मामंजी,” त्या म्हणाल्या. “बसा असंच, माझ्याकडं तोंड करून.”

“काकू, बोललात!” तेजश्री ओरडली. “आता पाच मिनटं परत पहिल्यापासनं.”

द्वारकाबाई हसल्या आणि आणखी रेलून बसल्या.