वुजू एकदाच

मौलाना म्हणजे बोलण्यात कुणाला हार न जाणारा माणूस. मशिदीत कुणी काहीही विचारो, उत्तर तयार. आज मात्र समुपदेशक बाईंनी त्यांच्या तोंडाला कुलूप लावलं होतं, आणि तेही पोटच्या लेकीसमोर.

लेकीला शंकेनं पछाडलं होतं. नमाजाआधीचा वुजू, म्हणजे हात-तोंड-पाय धुणं, ती पुन्हा पुन्हा करी. हातांची सालपटं निघाली तरी मन म्हणे, कुठंतरी राहिलंच. अशा नापाक हातांनी बाळाला घ्यायचं कसं? लेकरू आजीच्या मांडीवर वाढत होतं. आता फरक पडला नाही तर तिला इस्पितळात ठेवणार होते, बाळाविना.

"झाला बेटी तुझा वुजू," असं मौलाना दर वेळी कळवळून सांगत. ती घटकाभर निवे, की पुन्हा तेच.

"खाजवल्यासारखं आहे तुमचं उत्तर," बाई म्हणाल्या होत्या. "तेवढ्यापुरतं बरं वाटतं, जखम वाढते. अशा वसवशाबद्दल, मनात घुसणाऱ्या शंकांबद्दल, तुम्ही लोकांना काय शिकवता?"

"शंकेकडे लक्ष देऊ नये. खात्री शंकेनं मोडत नाही."

"मग घरी तुम्हीच का लक्ष देता?"

मौलानांना ते फार झोंबलं. खरं होतं म्हणून जास्तच.

आता बाईंच्या खोलीत लेकीनं एकदाच वुजू केला. बाईंनी नळ बंद केला. लेकीनं काहीही विचारलं तरी मौलानांनी उत्तर द्यायचं नाही, असं बाईंनी बजावलं होतं. सतरंजीवर बाळ चुळबुळत होतं.

"अब्बा, कोपर कोरडं राहिलं का हो?"

मौलानांनी दाढी मुठीत धरली.

"एवढंच सांगा. पुन्हा नाही विचारणार, शप्पथ!"

उत्तर अगदी ओठांवर आलं. विचारणाऱ्याला त्यांनी जन्मात कधी रिकाम्या हातानं पाठवलं नव्हतं.

"रागावलात? म्हणजे नाहीच झाला ना?"

त्यांच्या काळजाचं पाणी पाणी झालं. तेवढ्यात बाळानं टाहो फोडला. मौलाना सवयीनं उठले, वाकले, आणि मग स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून उभे राहिले.

लेक त्यांच्याकडे बघत राहिली. बाळ रडून लालबुंद झालं. शेवटी तीच धडपडत गेली आणि तिनं त्याला उचललं.

"अब्बा, पण कोपर..."

मौलानांची दाढी आसवांनी भिजली होती, पण ते बोलले नाहीत. तिनंही बाळ खाली ठेवलं नाही.