टबाच्या बदल्यात दिलेला फोन

मी सुलताना. चामोर्शीच्या बस स्टँडमागं माही टपरी हाय, भंगारचीच, पन फक्त जुन्या मोबाइलची. आजकाल घरोघरी फाईव्ह-जीचं याड. जुना फोन फेरीवाल्याले देयाचा अन् प्लास्टिकचा टब घेयाचा. इतवारी नावाचा फेरीवाला ते फोन पोत्यानं माह्याकडं टाकते. मी बॅटरी अलग करते, बाकी फोडते, अन् बोर्ड नागपूरले धाडते.

बजाराच्या दिवशी कमळाबाई आली. नदीकाठच्या गावची, धानाची शेती करनारी. तिची पोरगी रंजीता मयन्याआधी विहिरीत मेलेली सापडली. जावई निकेश सांगे, पाय घसरला. पन रंजीतानं मायले सांगतलं होतं का, तो मारते तवा मी फोनात आवाज भरून ठेवते. तेरवी झाली अन् त्या मुडद्यानं बायकोचा निळा फोन इतवारीले देऊन टब घेतला. दारात नवा टब पाह्यला तवा कमळाबाईले समजलं.

इतवारीले पत्ता इचारून ते आली होती; माह्यासमोर पदर पसरला, तो फोन दे म्हने. आता काय सांगू मी तिले? तिच्या गावातून इतवारीनं तो एकच निळा फोन आनला होता; तो मी परवाच फोडला होता अन् बोर्ड नागपूरले गेला होता. म्हनलं, बस बाई, पाहते.

तेवढ्यात निकेश आला, हातात कुऱ्हाड घेऊन. चोराच्या मनात चांदनं. सासू फोन धुंडून राह्यली हे त्याच्या कानावर गेलं होतं. फोन दे म्हनत त्यानं माह्या टेबलावर कुऱ्हाड हानली, फळीचे दोन तुकडे. माह्या तळपायाची आग मस्तकात गेली. ढिगातून तसाच एक दुसरा निळा फोन उचलला अन् त्याच्या तोंडासमोर धरला. सांगतलं, चालू झाला, सारं आइकलं मी.

त्याचं तोंड पांढरंफटक पडलं. मंग तो असा ओरडला का अख्खा बजार थांबला.

"मी मुसळानं मारलं म्हनून मेली नाई ते! विहिरीत टाकलं तवा जित्ती होती! फोनात कुठी हाय तो आवाज?"

फोन हिसकून त्यानं दगडावर ठेवला अन् कुऱ्हाडीच्या पाठीनं ठेचला. आम्ही बॅटरी काढल्याबिगर फोनवर घाव घालत नाई. त्या येड्याले कोन सांगनार? भक्कन जाळ उठला. त्याची बाही पेटली, तोंड भाजलं, कुऱ्हाड खाली पडली.

कमळाबाईनं कुऱ्हाड उचलली. मी तिले धरलं नाई. खोटं काऊन बोलू? दोन घाव त्याच्या गुडघ्यावर बसले, हाड मोडल्याचा आवाज आला. तिसरा डोक्यावर उचलला तवा भाजीवाल्या बायांनी तिचे हात धरले. गड्यांनी निकेशले खांबाले बांधलं अन् कोनीतरी पोलिसांले फोन लावला. तो गुरावानी हंबरत होता. मले त्याची दया आली नाई.

बायांनी सोडलं तशी कमळाबाई माह्याजवळ आली. लुगड्यावर रगताचे शितोडे. जळलेल्या फोनकडं बोट दाखवून म्हनते, याच्यातून निंघन का वं काई? त्याले फाशी होवो नाईतर न होवो, मले पोरीचा आवाज आइकव एकडाव.

मंग मात्र माह्यानं खोटं बोलवलं नाई. सांगतलं, बाई, हा फोन तिचा नाई. तिचा मीच फोडला, याच हातानं, परवा.

तिनं माह्या हाताकडं पाह्यलं.

"फोडतानी काई बोलली का वं पोरगी?"

नाई म्हनलं मी.