मास्तर, या हो

शिलाई मशीनचं लाकडी झाकण शिंप्याने परसात उपडं घातलं, त्याची एक कड उचलून मोजपट्टीवर टेकवली आणि पट्टीला बांधलेल्या दुहेरी दोऱ्याचं दुसरं टोक आतल्या मासळीच्या डोक्यात ओवलं. मासळी ओढली की पट्टी निसटेल, पट्टी निसटली की झाकण पडेल. तीस वर्षं या झाकणाने मशीन धुळीपासून राखलं होतं. आता एका चोराला जेरबंद करायचं काम त्याच्या वाट्याला आलं होतं.

चोर म्हणजे पिवळा बोका. अकरा पिल्लांपैकी सात त्याने उचलली होती. कोंबडी एकवीस दिवस अंड्यांवर बसली, तेव्हा शिंपीही रोज तिच्याशेजारी बसायचा. दुकान बंद झाल्यावर त्याला बसायला दुसरी जागा नव्हती. गिऱ्हाईक तयार कपड्यांनी पळवलं, गुडघ्यांनी पायडल सोडवलं, आणि हाताशी राहिली ती ही पिल्लं. कोंबडी अजून कुंपणाच्या कडेने सातांना शोधत फिरायची. ते त्याला बघवत नसे.

तरी तो एवढा पेटला नसता. त्याने आधी रीतसर भिंतीपलीकडे जाऊन सांगितलं होतं. तिथली म्हातारी साऱ्या गल्लीची काकू होती.

“काकू, तुमच्या बोक्याला आवरा. माझी पिल्लं खातोय तो.”

काकूंनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि गोड हसल्या.

“मांजर कधी कुणाचं असतं का?”

त्याच दिवशी दिवेलागणीला भिंतीपलीकडून हाक आली.

“मास्तर, या हो! ताट वाढलंय!”

गल्लीत राहायला येऊन त्याला दोन वर्षं झाली होती आणि सगळे त्याला मास्तरच म्हणत, शिंप्याला म्हणतातच. पण या वेळेला तो एरवी कोंबडीचे दाणे आणायला बाजारात असायचा, ही हाक त्याने कधी ऐकली नव्हती. त्याने चकित होऊन भिंतीवरून डोकावलं. काकू पायरीवर बसल्या होत्या, पुढ्यात ताट होतं, आणि ताटाकडे शेपटी उभारून ऐटीत निघाला होता तो पिवळा बोका.

शिंप्याच्या अंगाचा तिळपापड झाला. चोर तो चोर, वर त्याला माझं नाव? नुसतं ‘ये रे मास्तर’ म्हटलं असतं तर एक वेळ गिळलं असतं त्याने. पण ‘या हो’? मांजराला कुणी अहोजाहो करतं का? तो आदर त्याला थोबाडीत बसल्यासारखा लागला. पुढे रोज संध्याकाळी तीच हाक, तोच बोका. शिंपी दात-ओठ खात ऐकायचा आणि दुसऱ्या दिवशी एखादं पिल्लू कमी व्हायचं.

दुपारी तीनला झाकण पडलं. आतून जो काही थयथयाट झाला तो शिंप्याने स्टुलावर बसून, चहा पीत, शेवटपर्यंत ऐकला. मग झाकणाखाली पुठ्ठा सारून त्याने बोक्याला पिशवीत घेतलं. पिशवी त्यानेच शिवली होती, जाड कापडाची, दुहेरी शिलाईची. रागाच्या भरातसुद्धा त्याने तिला हवेसाठी सहा काजं केली होती, आणि काजं नीट गुंफली होती. मेला तर पाप आपल्याच माथी, असं त्याने स्वतःला बजावलं.

बसमध्ये कंडक्टरने विचारलं, “पिशवीत काय?”

“कापड.”

कापड ओरडलं. कंडक्टरने तिकीट फाडून दिलं आणि दुसरीकडे बघितलं.

नदीपलीकडच्या वीटभट्टीपाशी शिंप्याने पिशवीची नाडी सोडली आणि वाकून, अगदी अदबीने म्हणाला, “मास्तर, या हो!” बोका विटांच्या थप्प्यांमध्ये दिसेनासा झाला. परतताना शिंपी खिडकीशी बसून शीळ घालत होता.

दिवेलागणीला हाक आली. शिंपी परसात हाताची घडी घालून तयारच होता. दुसरी हाक आली, पाचवी आली. मार म्हणावं हाका, घसा बसेपर्यंत मार. मग आवाज बदलला.

“मास्तर, रागावलात का? भाजी अळणी झाली होती का सकाळी? नाही हो होणार पुन्हा.”

शिंप्याची हाताची घडी सुटली. भिंतीवर काकूंच्या सुनेचं डोकं दिसलं.

“आमचा बोका दिसला का हो तुम्हाला?”

“मास्तर होय? मास्तर कुठे गेले ते मला विचारता?” तो खवचटपणे म्हणाला.

सून गोंधळली. “मास्तर म्हणजे माझे सासरे. शाळेत मास्तर होते. जाऊन पाच वर्षं झाली त्यांना. पण सासूबाईंच्या लक्षात राहत नाही, रोज या वेळेला जेवायला हाक मारतात. कुणी आलं नाही की घास घेत नाहीत. हा बोका यायला लागल्यापासून तेवढ्या जेवायच्या.”

“आणि बोक्याचं नाव?”

“बोक्याला कसलं नाव?”

त्या संध्याकाळी ताट तसंच आत गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळचंही गेलं. शिंप्याचा राग गेला नव्हता. सात पिल्लं गेली ती गेलीच होती, आणि बोका परत आला तर उरलेल्या चौघांना टोपलीखालीच वाढावं लागणार होतं. तरी चार वाजता तो पिशवीत मासळी घेऊन वीटभट्टीवर उभा होता.

त्याने चुचकारलं, जीभ टाळ्याला लावून आवाज काढले. थप्प्यांमागे काहीच हललं नाही. शेवटी त्याने इकडेतिकडे पाहिलं, घसा खाकरला आणि मोठ्याने हाक मारली.

“मास्तर, या हो! ताट वाढलंय!”

पत्र्याच्या खोलीतून राखणदार बाहेर आला.

“कोण हरवलंय?”

शिंपी पिशवीची नाडी बोटाला गुंडाळत राहिला.

“आमच्या शेजारच्या काकूंचे यजमान.”

“म्हातारे आहेत?”

“हो. दुसऱ्या कुठल्या हाकेला ओ देत नाहीत.”

राखणदाराने पायांत चपला सरकवल्या, काठी घेतली आणि भट्टीच्या पलीकडच्या अंगाला निघाला. थोड्याच वेळात तिकडून त्याचा दणदणीत, अतिशय आदबशीर आवाज येऊ लागला, आणि शिंपी या बाजूने हाका मारत पुढे सरकला.